वजनदार शरीराने हाफ मॅरेथॉन: किलोमीटरऐवजी मिनिटांचा हिशेब

हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते आणि ते सर्वांना सारखेच असते; ते कापायला लागणारा वेळ मात्र सारखा नसतो. सहज उपलब्ध असलेली सरावाची बहुतेक वेळापत्रके दोन-सव्वादोन तासांत शर्यत संपवणारा सडपातळ धावक डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असतात. शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक वजन असलेल्या हौशी धावकाला त्याच अंतरासाठी अनेकदा तीन ते साडेतीन तास लागतात. धावताना पाऊल जमिनीला टेकते तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर येतो. म्हणजे वजनदार धावकाच्या प्रत्येक पावलावरचा भार जास्त असतो आणि अशी पावले त्याला कितीतरी अधिक वेळ टाकावी लागतात. ‘या रविवारी सोळा किलोमीटर’ ही सूचना एकासाठी दीड तासाची असते, तर दुसऱ्यासाठी तीच पावणेतीन तासांची होते. म्हणून या लेखातला सगळा सराव किलोमीटरमध्ये नव्हे, तर मिनिटांत मांडलेला आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. नियमित सराव सुरू केल्यावर दमसास काही आठवड्यांतच सुधारू लागतो, परंतु स्नायूबंध (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) आणि हाडे नव्या भाराला सरावायला महिने घेतात. तिसऱ्या महिन्यात श्वास लागत नाही, उत्साह वाढतो, अंतर वाढवावेसे वाटते आणि नेमक्या त्याच सुमारास टाच, नडगी किंवा पोटरीच्या खाली टाचेला जोडणारा जाड स्नायूबंध कुरकुरू लागतो. सराव किती वाढवायचा याचा निर्णय श्वासावर न सोडता पायांवर सोडावा, हे वजनदार धावकाने पहिल्या दिवसापासून मनाशी पक्के करावे.

‘आधी वजन उतरवा, मग धावा’ हा सल्ला अनेकांना मिळतो. मला तो मान्य नाही. वजन कमी झाले तर वेग वाढतो आणि सांध्यांवरचा भारही हलका होतो हे खरेच आहे, पण हाफ मॅरेथॉन पूर्ण करण्यासाठी ती पूर्वअट नाही. सरावाच्या महिन्यांत आहार फारच तोडला तर झीज भरून निघत नाही, झोप बिघडते, हाडे कमकुवत होतात आणि दुखापती वाढतात. वजन कमी करण्याची इच्छा असेल तर ते सरावाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सावकाश करावे. लांब धावांच्या शेवटच्या दहा आठवड्यांत मात्र पोटभर आणि वेळेवर जेवावे.

सुरुवातीपूर्वीची तपासणी

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास, झोपेत श्वास अडकणे किंवा सांध्यांची जुनी तक्रार असेल, तर डॉक्टरांना ‘मला हाफ मॅरेथॉनचा सराव करायचा आहे’ असे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. चालू औषधांविषयीही विचारावे. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके औषधामुळे कमी राहतात, त्यामुळे घड्याळावरील ठोक्यांच्या आकड्यावरून श्रम मोजणे त्यांना फसवे ठरते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांना लांब धावेत साखर घसरण्याचा धोका असतो. मात्रा आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. धावताना छातीत दडपण येणे, भोवळ येणे, ठोके अनियमित पडणे किंवा श्रमाच्या मानाने अवाजवी धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर तिथेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

शर्यत निवडताना

नोंदणी करण्यापूर्वी नियमावलीतील कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदत, वाचावी. ती तीन तासांची असेल तर प्रति किलोमीटर सुमारे ८ मिनिटे ३२ सेकंदांचा सरासरी पेस, म्हणजे एक किलोमीटर कापायला लागणारा वेळ, राखावा लागतो, साडेतीन तासांची असेल तर ९ मिनिटे ५७ सेकंदांचा आणि चार तासांची असेल तर ११ मिनिटे २२ सेकंदांचा. पहिल्या शर्यतीसाठी शक्यतो चार तासांची किंवा मुदतच नसलेली शर्यत शोधावी. मुदत पहिल्या बंदुकीपासून मोजतात की तुमचा गट सुटल्यापासून, वाटेत मधल्या टप्प्यांनाही मुदत आहे का, शेवटच्या धावकापर्यंत पाण्याची केंद्रे चालू राहतात का, हे प्रश्न आयोजकांना निःसंकोच विचारावेत. मार्ग शक्यतो सपाट असावा. चढाने दम लागतो हे सर्वांना कळते. पण वजनदार धावकाच्या मांड्यांची खरी परीक्षा उतार पाहतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराला लगाम घालावा लागतो.

बूट, कपडे आणि घासणारी त्वचा

बूट दुपारनंतर किंवा संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब धावेतही तसेच होते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, पंजा दोन्ही बाजूंनी दाबला जाता कामा नये आणि टाच मागे सरकता कामा नये. अनेक कंपन्या एकच बूट रुंद मापातही काढतात. लांबीचे माप उगाच वाढवण्याऐवजी रुंद माप मागावे. तळ जाड असावा, पण दाबल्यावर एका अंगाला कलणारा नसावा. बूट साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असे सांगितले जाते. जास्त वजनाखाली तळातील फोम लवकर बसतो, म्हणून खालच्या आकड्याच्या अलीकडेच लक्ष ठेवायला सुरुवात करावी. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावेत. एक बाजू दबून बूट तिरका उभा राहत असेल, तर वरचे कापड कितीही नवे दिसत असले तरी त्याचे काम संपलेले असते. दोन जोड आलटूनपालटून वापरणे उत्तम.

कपड्यांच्या बाबतीत अंग घासणे हा विषय लोक लाजून टाळतात, पण माझ्या मते अर्ध्यावर शर्यत सोडायला लावण्याची ताकद गुडघ्यांइतकीच मांड्यांच्या घर्षणात असते. घाम सुकतो, मिठाचे बारीक कण त्वचेवर राहतात आणि त्यानंतर प्रत्येक पाऊल त्याच जागेवर घासत जाते. दोन तासांनी तिथली त्वचा सोलवटते. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र करावेत. पहिला, गुडघ्याच्या थोडे वर येणारी, अंगाला घट्ट बसणारी आणि आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली शॉर्ट्स. मांडीवर वर गुंडाळत जाणारी शॉर्ट्स निरुपयोगी समजावी. दुसरा, पेट्रोलियम जेली किंवा घर्षणरोधक बाम. तो मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, पोटाच्या घडीखाली, कमरेच्या इलॅस्टिकखाली, नितंबांच्या मध्ये, स्त्रियांनी ब्राच्या खालच्या पट्टीच्या रेषेवर आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर लावावा. लावताना हात आखडता घेऊ नये. तीन तासांच्या धावेत तो एकदा पुन्हा लावावा लागतो, म्हणून छोटी डबी किंवा पुडी खिशात ठेवावी. सुती कपडे घाम धरून ठेवतात आणि जड होतात, त्यामुळे बनियनपासून मोज्यांपर्यंत काहीही सुती नसावे. भरदार छाती असलेल्या स्त्रियांनी ब्रा निवडताना दुकानातच जागच्या जागी उड्या मारून पाहाव्यात. खांद्यावरची पट्टी रुतत असेल तर भार पट्टीवर येतो आहे, पाठीमागच्या पट्ट्यावर नाही, असे समजावे. पाण्याचा कमरपट्टा गोल पोटावरून वर सरकतो. पाणी ठेवायची सोय असलेली पाठीवरची व्हेस्ट किंवा हातातली बाटली बहुतेकांना अधिक सोयीची पडते.

पहिले सहा आठवडे: फक्त चालणे

एकूण २८ आठवडे हाताशी धरावेत. त्यातले पहिले सहा केवळ झपझप चालण्याचे आहेत, आठवड्यातून चार दिवस, तीस मिनिटांपासून साठ मिनिटांपर्यंत. हा टप्पा कंटाळवाणा वाटून वगळला जातो आणि पुढच्या तक्रारींची मुळे बहुधा इथेच असतात. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे आघात कमी होतो आणि हाडे-स्नायूबंधांना सरावायला वेळ मिळतो. एका आठवड्यात तीन वेळा साठ मिनिटे चालून दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाकलेली पहिली पावले दुखली नाहीत, तरच पुढे जावे. दुखली तर हाच टप्पा आणखी दोन आठवडे चालू ठेवावा.

धाव आणि चाल यांचा मेळ

ठरावीक वेळ धावायचे आणि ठरावीक वेळ चालायचे, ही पद्धत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये उतरलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली. दमल्यावर नाइलाजाने चालणे वेगळे आणि पहिल्या मिनिटापासून ठरवून चालणे वेगळे. ठरवून घेतलेल्या चालीत पोटऱ्या थकण्याआधीच त्यांना उसंत मिळते आणि शरीरात साठलेली उष्णता थोडी ओसरते. सातव्या आठवड्यापासून, दहा मिनिटे चालून अंग गरम केल्यावर, तीस सेकंद धाव आणि नव्वद सेकंद चाल अशी वीस मिनिटे करावीत. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत एक मिनिट धाव, एक मिनिट चाल इथपर्यंत यावे. घड्याळात कंपनाचा इशारा लावून ठेवावा आणि इशारा झाला की, ‘अजून बरे वाटते आहे’ असे वाटले तरी, चालायला लागावे.

धावण्याचा भाग पूर्ण वाक्ये बोलता येतील इतका संथ हवा. पावले लांब टाकण्याऐवजी आखूड आणि थोडी जलद टाकावीत. पावलांची गती नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळपास खालीच पडले पाहिजे.

आता एक हिशेब मांडतो, कारण बहुतेक धावक जोर चुकीच्या ठिकाणी लावतात. समजा, धावताना तुमचा पेस प्रति किलोमीटर साडेआठ मिनिटे आणि चालताना बारा मिनिटे आहे. मिनिटभर धाव, मिनिटभर चाल या प्रमाणात ताशी सरासरी सुमारे ६.०३ किलोमीटर पडते आणि हाफ मॅरेथॉन जेमतेम साडेतीन तासांत पूर्ण होते. आता धाव तशीच ठेवून फक्त चाल अकरा मिनिटांवर आणली, तर वेळ सुमारे ३ तास २२ मिनिटांवर येतो. हाच फायदा धावेतून मिळवायचा असेल तर पेस आठ मिनिटांवर आणावा लागतो आणि वजनदार शरीराला ते फार महाग पडते. म्हणून आठवड्यातील एक दिवस नुसत्या जलद चालीला द्यावा. कोपरातून हात वाकवून मागे झटकावेत, पाऊल मागे पूर्ण रेटावे आणि नजर पुढे ठेवावी. ज्याची चाल चांगली आहे त्याला मुदतीची धास्ती वाटत नाही.

लांब धाव

तेराव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन वेळा रस्त्यावर उतरावे: दोनदा ४० ते ५० मिनिटे आणि एकदा लांब धाव. तेरा ते अठरा या आठवड्यांत लांब धावेची मिनिटे अनुक्रमे ६०, ७०, ८०, ६०, ९० आणि १०० ठेवावीत. एकोणिसाव्या आठवड्यापासून ११०, १२०, ९०, १३५, १५०, ११० आणि पंचविसाव्या आठवड्यात १७० मिनिटे, हीच सर्वांत लांब धाव. त्यानंतर १२०, मग ७५ आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या शेवटी शर्यत. मधेमधे मुद्दाम कमी केलेले आठवडे आळसाचे नाहीत. हाडांची आणि स्नायूबंधांची बांधणी त्याच काळात होते, त्यामुळे ते कधीही भरून काढू नयेत. १७० मिनिटांत तुम्ही सतरा किलोमीटर गेलात की पंधरा, याची चिंता करू नये. तीन तासांच्या पुढे सरावात जाण्यात लाभापेक्षा झीज जास्त असते आणि उरलेले अंतर विश्रांती घेतलेले पाय शर्यतीच्या दिवशी पेलतात.

एखादा आठवडा आजारपणात गेला तर तो सोडून द्यावा आणि आधीच्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. आठवड्यात आणखी एखादा दिवस दमसासासाठी हवा असेल, तर सायकल किंवा पोहणे निवडावे. त्यात पायांवर आघात जवळपास होत नाही.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटे पुरतो: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कुशीवर प्लँक (एका कोपरावर टेकून अंग सरळ उचलून धरणे) आणि टाचा उचलणे. यातले एकच करण्याइतका वेळ असेल तर टाचा उचलाव्यात. पायरीच्या कडेवर पंजा ठेवून टाच सावकाश वर न्यावी, क्षणभर थांबावे आणि तीन मोजत खाली आणावी. आधी दोन्ही पायांवर, पुढे एका पायावर. धावताना सर्वाधिक भार पोटरीच्या खोल स्नायूंवर पडतो आणि त्याच स्नायूंना कोणी मुद्दाम तयार करत नाही.

उष्णता, पाणी, खाणे

मोठे शरीर हालचालीत अधिक उष्णता निर्माण करते आणि वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. म्हणून उन्हाळ्यात ठरलेल्या पेसचा हट्ट सोडावा, धावेचे सेकंद कमी करावेत आणि पहाटे निघावे. उष्ण हवामानाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. घाम येणे अचानक थांबणे, थंडी वाजणे, डोके जड होणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही थांबून सावलीत जाण्याची, अंगावर पाणी ओतण्याची आणि मदत बोलावण्याची चिन्हे आहेत.

पाणी तहानेनुसार प्यावे. संथ धावकांनी प्रत्येक केंद्रावर सक्तीने भरपूर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण चार तासांत गरजेपेक्षा जास्त पाणी गेले तर रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत घसरू शकते. लांब धावेपूर्वी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करून पाहावे. वजन वाढलेले निघाले तर पाणी जास्त झाले. फार घटले तर पुढच्या वेळी थोडे वाढवावे.

दीड तासांहून लांब धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका जेलमध्ये, म्हणजे धावताना खायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे पहिल्या अर्ध्या-पाऊण तासानंतर दर तीस-चाळीस मिनिटांनी एक घ्यावी लागते. भूक लागण्याची वाट पाहू नये. जे शर्यतीत घ्यायचे आहे ते किमान तीन लांब धावांत पोटाला पचवून दाखवावे.

दुखणे ओळखणे

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दोन दिवसांत बऱ्या होत असतील तर ते सरावाचे दुखणे होय. एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असे, धावताना वाढत जाणारे किंवा रात्री जागे करणारे दुखणे हाडातील ताण-भेगेचे असू शकते. त्यासाठी धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. दहापैकी तीनपर्यंतची कुरकुर, जी धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमते, ती चालू शकते. लंगडावे लागत असेल तर त्या दिवशी धावायचे नाही, मग दुखणे कितीही किरकोळ वाटो. शर्यतीआधी किंवा शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत; पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

शर्यतीचा दिवस

अंगावरची प्रत्येक वस्तू लांब धावेत वापरलेली असावी. आयोजकांचा टी-शर्ट घालून धावू नये. त्याचे माप आणि शिवण अंगाला अनोळखी असते. उभे राहताना सर्वांत मागच्या गटात उभे राहावे. पहिल्या मिनिटापासून आपला धाव-चालीचा क्रम चालू करावा. सुरुवातीला शेकडो लोक पुढे निघून जातील आणि तुम्ही पहिल्याच मिनिटानंतर चालू लागाल, तेव्हा कोणी तरी ‘दमलात का?’ असेही विचारेल. क्रम मोडू नये. चालण्यासाठी रस्त्याच्या कडेला जावे आणि वळण्याआधी हात वर करून मागच्यांना इशारा द्यावा.

पहिले पाच किलोमीटर सरावापेक्षा किंचित संथ, पुढचे दहा ठरल्याप्रमाणे. पंधराव्या किलोमीटरनंतर धावेचा मिनिट जड वाटू लागला तर तो तीस सेकंदांचा करावा, पण चालीचा वेग सोडू नये. मुदतीच्या वेगाने मागून येणारे आयोजकांचे शेवटचे वाहन दिसले म्हणून घाबरून जोरात पळू नये. दर किलोमीटरला किती वेळ शिल्लक आहे याचा कागद हाताशी ठेवला असेल तर घबराट होत नाही. स्वतःचे थोडे पाणी आणि एक जास्तीची जेल जवळ असावी, कारण मागच्या धावकांपर्यंत केंद्रांवरचे सामान कधीकधी संपलेले असते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये, दहा मिनिटे चालत राहावे. ओले कपडे लगेच बदलावेत. तासाभरात नीट जेवावे. अंघोळीपूर्वी मांड्या आणि काखा तपासाव्यात. त्वचा सोलवटली असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, कोरडे करून जेलीचा पातळ थर द्यावा. पुढचा आठवडा फक्त चालण्याचा ठेवावा, दुसऱ्या आठवड्यात तीस सेकंद धाव आणि नव्वद सेकंद चाल या क्रमाने परत यावे, आणि पायऱ्या उतरताना मांड्या अजून ओढत असतील तर तेही आणखी काही दिवस पुढे ढकलावे.